पुन्हाबाई

९ जुलै

प्रिय मावशी,

हे पत्र वाचून झालं की शिलाई मशीनवर ठेवून देऊ नकोस. आई दुकानात येते आणि दिसेल ते उघडून वाचते. फोनच करणार होते, पण होस्टेलचा फोन जिन्याखाली आहे आणि मागे कायम चारपाच जणी कान टवकारून उभ्या असतात.

मला औषधांच्या मात्रांच्या पेपरात पन्नासपैकी अकरा मिळाले. अकरा! आईला मी "बरा गेला" एवढंच सांगितलंय. डिसेंबरच्या परीक्षेतही पास झाले नाही, तर नर्सिंग संपलं, घरी जायचं. हात चांगला आहे गं माझा. पेशंट म्हणतात, ही मुलगी सुई टोचते ते कळतसुद्धा नाही. पण कागदावर आकडे आले की डोक्यात कावळे ओरडायला लागतात.

त्यात आमच्या गटाला नव्या ट्यूटर आल्यात. मुली त्यांना पुन्हाबाई म्हणतात, कारण त्यांना तो एकच शब्द येतो. बारीक, ताठ, फळ्यावर डाव्या हाताने लिहितात आणि लिहिताना मान तिरकी करतात. मला रोज सकाळी साडेसहाला, ड्यूटीच्या आधी, बोलावतात. बाकी कुणाला नाही, फक्त मला. पहिल्याच दिवशी हातात बाटली दिली. "एकशे वीस मिलिग्रॅम द्यायचंय. किती मिली?" मी म्हटलं, "सहा." तर म्हणाल्या, "बाटलीवर काय लिहिलंय?" मी वाचलंच नव्हतं. पाच मिलीत अडीचशे लिहिलं होतं. "पुन्हा." मी म्हटलं, "तीन?" "पुन्हा. आणि प्रश्नचिन्ह लावून उत्तर द्यायचं नाही. पेशंटच्या पोटात प्रश्नचिन्ह जात नाही." अडीचच्या जरा खाली, दोन पूर्णांक चार दशांश, हे यायला मला वीस मिनिटं लागली आणि नाश्ता गेला.

काल तर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, "तू बाहेर उभी राहा. वाचायला लागलीस की आत ये." पेशंट बघत होते गं.

मला इथे बसवत नाही, झोपवत नाही, आणि परत यायलाही तोंड नाही. तूही दुसऱ्या वर्षातच सोडलं होतंस ना? तब्येतीमुळे, आई सांगते. तू कसं ठरवलंस? खरं सांग, वाईट वाटतं का आता?

तुझी
भिंगरी

१६ जुलै

भिंगरे,

पत्र मिळालं. आठवडाभर उत्तर घोळवत होते. आज एका शर्टाची कॉलर उलटी लावली, उसवली आणि पुन्हा उलटीच लावली, मग म्हटलं आधी पत्र लिहावं.

माझं सोडून दे. ती जुनी गोष्ट आहे आणि तब्येत ही तब्येत असते. तुझं बघ. अकरा मार्कांनी कुणी मरत नाही. पण एखाद्या माणसाच्या हाताखाली राहून माणूस आतून संपतो, हे मी पाहिलंय. चारचौघांत बाहेर काढणारी बाई शिकवत नसते, तिला दुसऱ्याची चूक शोधण्यातच समाधान असतं. अशी माणसं वरवर शिस्तीची दिसतात आणि वेळ आली की सरळ जाऊन तुझं नाव सांगून मोकळी होतात.

गट बदलून माग. दुसरे कुणी ट्यूटर असतीलच. कारण विचारलं तर म्हण, सकाळी साडेसहाला यायला प्रकृती साथ देत नाही. आणि त्यांच्याशी जास्त बोलू नकोस. घरचं काही विचारलं तर सांगू नकोस. माझंही नाही.

खात जा नीट. आईला मी काही बोललेले नाही.

मावशी

२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

झालं! गट बदलला. ऑफिसात अर्ज दिला, तर क्लार्क म्हणाला, "पुन्हाबाईंकडून आलीस का? ही यादी वाढतच चाललीये," आणि हसला. आता आम्हाला एक सर आहेत. गोड माणूस. वर्गात विनोद करतात आणि परीक्षेत साधारण कुठली पाच गणितं येतात ते आधीच सांगून टाकतात. सलाईनचं तर एकच येतं म्हणे दरवेळी: एक लिटर, आठ तास, मिनिटाला बेचाळीस थेंब. पाठच करून टाका म्हणाले. परवाच्या चाचणीत मला पन्नासपैकी अडतीस. मीच तीनदा पाहिले.

सकाळी सातपर्यंत झोपते. नाश्ता करते. माणसात आले.

एकच झालं. कॉरिडॉरमध्ये पुन्हाबाई समोरून आल्या. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलणार. तर नुसत्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाटलीवर काय लिहिलंय, हे आता तुला कोण विचारतं?" मी म्हटलं, "कुणी नाही, बाई." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून ते "बरं" डोक्यात अडकून बसलंय. टोमणा होता की काय होतं, कळत नाही. आणि एक विचारायचं होतं: त्यांना तू माहीत आहेस का? तू "माझंही सांगू नकोस" असं लिहिलंस म्हणून विचारते.

तुझी
भिंगरी

९ ऑगस्ट

भिंगरे,

अडतीस! वाचून दुकानात बसल्या बसल्या टाळी वाजवली, गिऱ्हाईक दचकलं. बघ, मी म्हटलं होतं ना? माणूस चांगला मिळाला की विद्या आपोआप येते.

त्या "बरं"चा विचार करू नकोस. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलाय, गणवेशांचा ढीग पडलाय, जास्त लिहीत नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर: मला कशाला माहीत असतील?

मावशी

२१ सप्टेंबर

मावशी,

काय झालंय ते सरळ लिहिते. मधे थांबले तर लिहून होणार नाही.

मंगळवारी दुपारची ड्यूटी, पुरुषांचा वॉर्ड. नऊ नंबरला एक म्हातारे आहेत, पोस्टमन होते पूर्वी. हृदय कमजोर. त्यांचं सलाईन लावायचं होतं. वॉर्डात गडबड, दोन नवे पेशंट आलेले. मी कागद घेतला, पाहिला असं मला वाटलं, आणि लावलं बेचाळीस थेंबांवर. हात आपोआप गेला. बेचाळीस. जसं पाठ होतं तसं.

कागदावर होतं: अर्धा लिटर, चोवीस तासांत. म्हणजे मिनिटाला सात थेंब.

दोन तासांनी गेले तर आजोबा उठून बसलेले, ओठ निळसर. म्हणाले, "पोरी, श्वास पुरत नाही." बाटली पाहिली, पाव लिटरहून जास्त उतरलं होतं. तेव्हा कागद वाचला. पहिल्यांदा वाचला.

आता जे लिहिते ते आईलाही सांगणार नाही. मी आधी नळी सातवर आणली. आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. आणि मी आठ नंबरच्या खाटेकडे चालायला लागले. चारपाच पावलं चालले, मावशी. डोक्यात एकच: आता बरोबर चालू आहे, कुणाला कळणार?

मग आजोबा खोकले. मी पळाले. वॉर्डच्या सिस्टर चहाला गेलेल्या. शेजारच्या वॉर्डात पुन्हाबाई मुलींना बेड करायला शिकवत होत्या. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चादर टाकून निघाल्या. "कुठली खाट? काय द्यायचं होतं? काय दिलं? कधीपासून?" चार प्रश्न, चालता चालता. सलाईन बंद करून आजोबांना उशा लावून बसवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन झालं. दोन तासांत ओठांचा रंग परत आला. पण ते दोन तास मी त्यांच्या पायाशी उभी होते आणि पुन्हाबाईंनी मला जाऊ दिलं नाही. "बघ," म्हणाल्या. "यांचा श्वास मोज आणि मला सांग."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. कागद-पेन दिलं आणि जे झालं ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "सलाईनचा वेग जास्त झाला." त्या म्हणाल्या, "तो आपला आपण झाला का? पुन्हा." मी लिहिलं, "माझ्याकडून चूक झाली." "चूक होत नाही. करावी लागते. कुणी केली? पुन्हा." चौथ्यांदा लिहिलं: "मी आदेश वाचला नाही. मी बेचाळीस थेंब लावले." मग त्यांनी सही घेतली आणि खाली स्वतःची सही केली. म्हणाल्या, "मलाही उत्तर द्यायचंय. मी तुला सोडलं होतं."

शुक्रवारी समितीपुढे जायचंय. काढूनही टाकतील. आजोबा बरे आहेत. मी बरी नाहीये. मावशी, तू ये ना, निदान फोन कर.

भिंगरी

३० सप्टेंबर

मावशी,

नऊ दिवस झाले. ना पत्र, ना फोन. दुकानाचा फोन वाजत राहतो. आईला विचारलं तर म्हणते, मावशी दुकानात रोज जाते, पण बोलत नाही धड.

समितीत मला काढलं नाही. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत वॉर्डातली औषधं बंद, फक्त बाकीची कामं, आणि परीक्षेला बसायची परवानगी. पुन्हाबाई म्हणाल्या होत्या समितीला, "ती स्वतः सांगायला आली. उशिरा आली, पण आली." ते "उशिरा" त्यांनी गाळलं नाही.

तू रागावलीस का माझ्यावर?

भिंगरी

४ ऑक्टोबर

भिंगरे,

रागावले नाही. तुझी चारपाच पावलं वाचली आणि मशीन बंद केलं. दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं. हे पाठवते, मग काय व्हायचं ते होवो.

माझी तब्येत ठणठणीत होती.

दुसऱ्या वर्षात असताना मुलांच्या वॉर्डात होते. तीन वर्षांचं मूल. इंजेक्शन शून्य पूर्णांक पाच दशांश मिली द्यायचं होतं. मी पाच दिलं. दशांशचिन्ह पाहिलंच नाही. माझ्याबरोबर ड्यूटीला माझी मैत्रीण होती, आम्ही एकाच खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. तिने ट्रेमध्ये रिकाम्या कुप्या पाहिल्या. मोजल्या. मला एक शब्द न विचारता डॉक्टरांकडे धावली. ते मूल वाचलं. अकरा दिवस जास्त राहिलं, पण वाचलं.

मला काढून टाकलं नव्हतं. वर्ष पुन्हा करायला सांगितलं होतं, एवढंच. मी सामान बांधलं आणि घरी आले. घरी सांगितलं, मैत्रिणीने चुगली केली, मला हाकललं. तुझे आजोबा म्हणाले, लोकांना तब्येत म्हणून सांगू. मग मीसुद्धा तब्येतच म्हणत राहिले. महिन्याभराने ती घरी आली. सहा तासांचा प्रवास करून. मला परत न्यायला. मी आतून ऐकत होते, ती दारात माझ्या आईशी बोलत होती. मी बाहेर आले नाही.

ती डाव्या हाताने लिहायची. लिहिताना मान तिरकी करायची.

तुझ्या पहिल्याच पत्रात मला कळलं होतं. आणि तरी मी तुला तिच्यापासून दूर पाठवलं. तुझ्या भल्यासाठी पाठवलं असं मी स्वतःला सांगितलं, पण ते तसं नव्हतं. मला भीती वाटली की ती तुला सांगेल. तू सकाळी साडेसहाला तिथे जात राहिली असतीस, तर तो कागद तू वाचला असतास. सत्तावीस वर्षांत मला कुणी सुनावलं नाही, तू सुनाव.

मावशी

१९ ऑक्टोबर

मावशी,

पंधरा दिवस मी तुझ्यावर चिडून होते. खरंच चिडून. खोलीतल्या मुलीशी भांडले, चपला आपटल्या, तुझं पत्र कपाटात कपड्यांच्या तळाशी टाकलं आणि रोज काढून वाचलं. तू खोटं बोललीस आणि मी त्याच्यावर गट बदलला. पण बेचाळीस थेंब मी लावले. तू नाही लावलेस. हे लिहिते कारण ते खरं आहे, तुला बरं वाटावं म्हणून नाही.

समितीच्या दुसऱ्या दिवशीपासून मी परत साडेसहाला जाते. बोलावलं नव्हतं. दारात जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आत ये. दार लाव. बाटली उचल." बस, एवढंच स्वागत.

आता त्यांनी नवं काढलंय. प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचं, दशांशचिन्हसुद्धा. मग उत्तर काय येईल याचा आधी अंदाज सांगायचा, मगच गणित करायचं. आणि अंदाज आणि उत्तर जुळलं नाही, तर कुठलं खोटं आहे ते शोधून काढायचं. मी म्हटलं, "बाई, हे पहिलीतल्या मुलासारखं आहे." म्हणाल्या, "पहिलीतलं मूल वाचतं. तू ओळखतेस. तुझी बुद्धी भरभर पळते आणि डोळे मागे राहतात. डोळ्यांना पुढे आणायचंय." मावशी, इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की मी ढ नाही, घाईची आहे. रडूच आलं. त्यांनी रडू दिलं दोन मिनिटं आणि म्हणाल्या, "झालं? पुन्हा."

मी तुझं विचारलं त्यांना. सरळच. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या अर्जावर अडीअडचणीला कळवायचा पत्ता तुझ्या दुकानाचा आहे, नावासकट. मी म्हटलं, "म्हणून मलाच बोलवायचात का?" त्या म्हणाल्या, "तुला अकरा होते म्हणून बोलवायचे." पहिल्यांदाच त्यांनी पुढचं गणित लगेच दिलं नाही.

डिसेंबरपर्यंत मला लिहू नकोस. मला अजून राग येतो मधेमधे आणि अभ्यासात येतो.

भिंगरी

८ जानेवारी

मावशी,

पास! मात्रांच्या पेपरात त्रेचाळीस. आईला फोन केला, ती फोनवर रडली आणि मागच्या पाच जणींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सांगितलेल्या पाचांतलं एकच गणित आलं होतं, आणि त्यातही आकडे बदलले होते. अर्धा वर्ग तिथेच आपटला.

पुन्हाबाईंना सांगायला गेले. त्यांनी उत्तरपत्रिका आधीच पाहिली होती. "सहावं का चुकलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, निदान आज तरी!" तर हसल्या. त्यांचे दात दिसतात हे मला माहीतच नव्हतं. मग म्हणाल्या, "सोमवारपासून वॉर्डात औषधं देशील. पहिला आठवडा मी शेजारी उभी राहीन. मला आवडणार नाही, तुलाही आवडणार नाही."

अर्जावरचा तुझा पत्ता अजून तोच आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आता माझा राग गेलाय. बहुतेक.

तुझी
भिंगरी

१२ जानेवारी

तू लिहू की तुम्ही, हे ठरवण्यात दोन दिवस गेले. तू लिहिते.

तुझी भाची पास झाली. तिला मी कडक वागवलं ते तुझ्यामुळे नाही. ती आकडे न वाचता पुढे जात होती, म्हणून. हे तुला स्पष्ट असावं.

त्या दिवशी मी तुला आधी विचारायला हवं होतं का, हा प्रश्न मी अनेक वर्षं सोडवतेय. उत्तर दरवेळी एकच येतं: नाही, वेळ नव्हता. पण नंतर तुझ्या खोलीत येऊन बसायला हवं होतं, त्याच संध्याकाळी. मी महिनाभर थांबले, कारण मला तुझं तोंड बघायची भीती वाटत होती. ती माझी चूक. मी केली.

आता काम. दुसऱ्या वर्षाच्या चाळीस मुली आहेत. चुकीबद्दल मी बोलते तेव्हा त्या ऐकतात, पण मी तेव्हा ट्रेच्या दुसऱ्या बाजूला होते. सुई तुझ्या हातात होती. तू येऊन सांग. काय वाटलं, काय केलंस, नंतर काय केलंस. सगळं. ३० तारीख, दुपारी दोन, जुन्या इमारतीतला मोठा वर्ग. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही, मी दुसरं काहीतरी ठरवीन. तुझ्या भाचीची त्या वेळी ड्यूटी आहे आणि मी ती बदलणार नाही.

– तुझी खोलीतली

३ फेब्रुवारी

भिंगरे,

जाऊन आले. तुला भेटता आलं नाही, तुझी ड्यूटी आठपर्यंत आणि माझी शेवटची गाडी सहाची. म्हणून लिहिते.

फाटकापाशी येऊन दोनदा परत फिरले. पहारेकरी म्हणाला, "मावशी, पेशंटला भेटायची वेळ चारला." मी म्हटलं, "मला वर्ग घ्यायचाय," आणि माझं मलाच हसू आलं.

ती दारात उभी होती. केस पांढरे झालेत गं तिचे. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते, ते विसरले. तिने माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "दोन वाजायला चार मिनिटं आहेत. पाणी पी."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. मुलाचं वय सांगितलं, कुप्या सांगितल्या, सामान कसं बांधलं ते सांगितलं, दारामागे उभी राहून ऐकलं तेही. ती कोपऱ्यात उभी होती, जमिनीकडे बघत. पहिल्या बाकावरच्या एकीने विचारलं, "तुम्ही परत का नाही आलात? वर्ष तर एकच होतं." मी म्हटलं, "मला वाटलं सगळे माझ्याकडे बघतील." ती पोरगी म्हणाली, "बघितलं असतं आठ दिवस." एवढं सोपं उत्तर होतं बघ.

मग तिने फळ्यावर एक गणित घातलं, मुलींना अंदाज विचारायला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. पांढरी फटक. म्हणाली, "बाई, सकाळी मी बारा नंबरला गोळ्या दिल्या. मला वाटतं मी दुपारच्या पण सकाळीच दिल्या. मी कुणालाच सांगितलं नाही."

तुझ्या बाईंनी फळ्यावरचा आकडा अर्धा सोडला. रागावल्या नाहीत, काही नाही. खडू माझ्या हातात दिला. "तू चालू ठेव," म्हणाल्या. आणि त्या मुलीच्या खांद्याला हात लावून जवळजवळ धावतच गेल्या. जिन्यावर त्यांचा आवाज ऐकू येत होता: कुठली गोळी? किती? कधी?

आणि मी उरले, भिंगरे. चाळीस मुली माझ्याकडे बघतायत. खडू तर मी रोज धरते, पण कापडावर. वाटलं, खडू ठेवून निघून जावं. पण त्या पोरींची तोंडं बघितली, तर त्या माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या. प्रत्येकीच्या डोळ्यांत स्वतःची सकाळ दिसत होती. म्हणून मी फळ्याकडे वळले, अर्धा राहिलेला आकडा पुरा केला, आणि म्हटलं, "कुणीतरी हे मोठ्याने वाचा. सावकाश. आपल्याला कुठे जायचं नाहीये."

एक तास आम्ही ते एकच गणित केलं. घंटा झाली तरी त्या दोघी परतल्या नव्हत्या, आणि मला गाडीसाठी निघावं लागलं. बारा नंबरचा पेशंट कसा आहे, त्या मुलीचं काय झालं, मला अजून माहीत नाही. चार दिवस तेच डोक्यात आहे. आज सकाळी दुकान उघडलं आणि लगेच बंद केलं.

लगेच कळव. आणि माझ्या मैत्रिणीला सांग, पुढच्या महिन्यात बोलावलंस तरी येईन, नाही बोलावलंस तरी येईन.

मावशी